घशातली हरकत

माझा लिफ्टला विरोध नव्हता. हे मी आधीच, मोठ्याने आणि स्पष्ट उच्चारात सांगून टाकतो, कारण आमच्या इमारतीत मला आजही 'लिफ्ट अडवणारे' म्हणून ओळखतात. चौथ्या मजल्यावरच्या आजी जिन्यात बसून दम खाताना माझ्याकडे ज्या नजरेने बघतात, ती नजर माझ्या वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. लिफ्टला माझी काडीचीही हरकत नव्हती. माझ्या घशात कफ होता.

आता कफाचं सविस्तर सांगतो. ज्यांना जेवता जेवता वाचायची सवय आहे त्यांनी एवढा परिच्छेद गाळावा. माझं नाक कायम चोंदलेलं असे. सकाळी डावी नाकपुडी बंद, दुपारी उजवी, आणि अंथरुणाला पाठ टेकली की दोघी मिळून संपावर. पुढची वाट बंद झाल्यामुळे आत जे काही तयार होत असेल ते मागच्या मागे घशात उतरायचं. नळ गळत असला की माणूस प्लंबरला बोलावतो. घसा गळायला लागला की खाकरतो. मी दिवसभर खाकरत असे. मी वजनमाप खात्यात आहे, दुकानदारांचे तराजू तपासून शिक्का मारणं हे माझं काम. दुकानाच्या पायरीवर उभं राहून मी नुसता खाकरलो तरी आतून आवाज यायचा, "साहेब, ते वजन आजच बदलतोय!" म्हणजे कामाच्या ठिकाणी कफ माझ्या बाजूने होता, हे कबूल केलं पाहिजे.

इमारतीच्या सभेत मात्र त्याने माझा घात केला. आमचे सेक्रेटरी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. इमारतीच्या माझ्याच बाजूला, दोन मजले वर राहतात. ठराव असे ओरडून वाचतात, जणू समोरच्या प्रत्येकाची लाइन खराब आहे. वाचून झालं की चष्मा काढायचा, सगळ्यांवरून नजर फिरवायची आणि विचारायचं, "कोणाची हरकत?" मग शांतता. आणि नेमकी शांतता पसरली की माझ्या घशात खवखव सुरू होते. मी दाबून धरायचो. डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी व्हायचं ते व्हायचंच.

"हां," सेक्रेटरी म्हणायचे, "यांना काहीतरी म्हणायचंय."

"नाही, नाही, माझं आपलं..." एवढं म्हणेपर्यंत दुसऱ्यांदा खाकरणं आलं.

"बोला, अगदी मोकळेपणी बोला."

मोकळेपणी बोलता येत नव्हतं, हीच तर अडचण होती. मग माझ्या समोरच्या दारातल्या काकू मदतीला धावायच्या. "यांची शंका मला कळली. लिफ्ट आली की विजेचं बिल सगळ्यांवर बसणार. पहिल्या मजल्यावाल्यांनी ते का भरायचं? असंच ना हो?" आणि त्या माझ्याकडे बघत असताना मी तिसऱ्यांदा खाकरायचो. झालं. ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब.

अशी लिफ्ट गेली. असाच गच्चीचा रंग गेला, मागच्या फाटकाचं कुलूप गेलं. लोक म्हणू लागले, "ते बोलत नाहीत फारसं, पण खाकरले की समजावं, पाणी मुरतंय." आखूड खाकरलो की खर्च जास्त आणि लांबलचक खाकरलो की कायद्याची भानगड, असा अर्थसुद्धा लावून ठेवला होता म्हणे. खोटं कशाला सांगू, मला ते थोडंफार आवडायचंही. ऑफिसात शिक्क्यापलीकडे ज्याला कोणी विचारत नाही, त्याच्या घशाला निदान इमारतीत किंमत होती.

बायकोला नव्हती. "तुम्ही त्या सभेत आजवर एक पूर्ण वाक्य बोललात का?" असं तिने एकदा विचारलं होतं. मी उत्तर देणार होतो, पण खाकरण्यात राहून गेलं.

बायकोचा मुद्दा वेगळाच होता. आमचं घर आहे पहिल्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक बैठकीची खोली, सगळ्या अंधाऱ्या. त्यातल्या त्यात झोपायच्या खोलीला मागच्या बाजूला एक मोठी खिडकी. बाहेर इमारतीचीच मोकळी जागा, पलीकडे कुंपण, आणि कुंपणापलीकडे कोणाचं तरी ओसाड आवार, त्यात एक अवाढव्य झाड. हे घर बायकोने त्या खिडकीसाठी पसंत केलं होतं. सकाळी खिडकी उघडून, खिडकीच्या कट्ट्यावर कप ठेवून, कोणाशीही न बोलता चहा प्यायचा, हे तिचं दिवसातलं एकमेव ऐषआरामाचं काम. पण माझं घोरणं इतकं वाढलं की एके दिवशी तिने उशी उचलली आणि बैठकीच्या खोलीत जाऊन झोपली. दुसऱ्या दिवशी पांघरूण गेलं. त्यानंतर चहाचा कपही तिकडेच जाऊ लागला. भांडण नाही, तंटा नाही. माणूस बदलीवर जातो तशी ती गेली, आणि ती खिडकी मी आणि माझं घोरणं यांच्या ताब्यात आली. त्याच आठवड्यात माझ्या नाकासमोर दूध करपून भांडं काळं झालं आणि मी शेजारी उभा राहून वर्तमानपत्र वाचत होतो. तेव्हा मी ठरवलं, आता या नाकाचा सोक्षमोक्ष लावायचा.

ही बातमी मी घराबाहेर काढायला नको होती. आजारी माणसाला सहानुभूती हवी असते आणि मिळतात उपाय. काकूंनी वाफ घ्यायला सांगितली आणि ती कशी घ्यायची हे दाखवायला स्वतःच भांडं घेऊन आल्या. माझ्या डोक्यावर टॉवेल टाकून, वरून मान दाबून त्या त्यांच्या भाच्याच्या नोकरीची हकिगत सांगत बसल्या. भाचा पर्मनंट होईपर्यंत त्यांनी मला वर येऊ दिलं नाही. नाक तसंच राहिलं, कपाळावर मात्र फोड आला. सेक्रेटरी म्हणाले, उशाशी कांदा कापून ठेवा. ठेवला. मला वास येत नसल्यामुळे माझं काही बिघडलं नाही, पण बायको बैठकीच्या खोलीतून उठून स्वयंपाकघरात जाऊन झोपली. मेहुणा म्हणाला, "भावजी, डोकं खाली पाय वर करा. गुरुत्वाकर्षण आहे ना!" हा माणूस शाळेत विज्ञानात नापास झाला होता, हे मला ठाऊक होतं. तरीही मी भिंतीला पाय लावून उलटा झालो. माणूस नाकाने श्वास घेऊ शकत नसला की कोणावरही विश्वास ठेवतो. पायांबरोबर भिंतीवरचं घड्याळ खाली आलं.

शेवटी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने नाकात घालायचे थेंब दिले. काय सांगू! दोन थेंब टाकले आणि दोन्ही दारं सताड उघडली. इतकी हवा आत आली की मला ठसका लागला. मी त्या औषधवाल्याला मनातल्या मनात दंडवत घातलं. चार दिवस स्वर्गात काढले. मग स्वर्ग निम्म्या दिवसावर आला. मग दोन-दोन तासांवर. मी खिशात बाटली, पिशवीत बाटली, ऑफिसच्या खणात बाटली अशी ठेवू लागलो. तराजू तपासताना दुकानदाराकडे पाठ करून थेंब टाकायचो, आणि त्याला वाटायचं साहेब डोळे पुसताहेत. एका बिचाऱ्याने तर सगळी वजनं माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "साहेब, इतकं मनाला लावून घेऊ नका." एवढं करून नाक पूर्वीपेक्षा जास्त बंद. औषधवाल्याला जाब विचारला तर म्हणतो, "मोठी बाटली देऊ का?"

मग मेहुण्याने निदान केलं. "भावजी, पडदा वाकडा आहे. ऑपरेशन. विमा आहे ना तुमचा? मग कसली काळजी?"

विमा होता. विम्याच्या फोनवर आधी बराच वेळ संगीत होतं आणि नंतर एक मुलगी होती. संगीत बरं होतं.

"नाकाची शस्त्रक्रिया सौंदर्यवर्धनात येते, सर. ती आपल्या योजनेत बसत नाही."

"अहो, मला सुंदर व्हायचं नाहीये. मला श्वास घ्यायचाय."

"तसं असेल तर नाकाचे समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो पाठवा, सर."

मी पाठवले. बायकोने काढले. काढताना तिला हसू आवरत नव्हतं आणि प्रत्येक फोटो हलला. उत्तर आलं, की फोटो पाहता सौंदर्याचा हेतू नाकारता येत नाही. मी हे वाक्य पुनःपुन्हा वाचलं. माझ्या तोंडावर इतक्या सभ्य भाषेत आजवर कोणी थुंकलं नव्हतं. डॉक्टरांचं पत्र आणा, असंही खाली लिहिलं होतं. म्हणून, केवळ त्या विमा कंपनीचं नाक कापण्यासाठी, मी कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

बाई वयाने माझ्या मुलीसारख्या आणि स्वभावाने माझ्या मुख्याध्यापकांसारख्या. नाकात दिवा घालून पाहिलं आणि एकच विचारलं, "काय टाकता यात?"

मी अभिमानाने खिशातली बाटली काढली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली. "हे तीन-चार दिवसांचं औषध. तुम्ही महिनोन्‌महिने टाकताय. नाक आता यामुळेच सुजतंय. पडदा थोडा वाकडा आहे, तो अर्ध्या जगाचा असतो. ऑपरेशन-बिपरेशन काही नको." मग उकळून गार केलेल्या पाण्यात मिठाची पुडी घालून नाक धुवायचं, आणि एक वेगळा फवारा, तोही नाकाच्या मधल्या पडद्यावर न मारता बाहेरच्या बाजूला, कानाच्या रोखाने मारायचा. "लगेच काही होणार नाही. रोज करा. आणि शेजाऱ्यांना विचारू नका."

थेंब सोडल्यावरचे दिवस मी वर्णन करणार नाही. मी घरात सगळ्यांवर ओरडलो. घरात सगळे म्हणजे बायको, त्यामुळे सगळं तिलाच ऐकावं लागलं. सकाळ-संध्याकाळ मोरीत वाकून एका नाकपुडीत पाणी घालायचं, ते दुसरीतून बाहेर येतं. पहिल्यांदा ते तोंडातून, डोळ्यांतून आणि मला वाटतं कानांतूनही आलं. पण महिना सरला आणि एके सकाळी मी जागा झालो तर तोंड मिटलेलं होतं. श्वास नाकातून चालला होता, गुपचूप, काही आवाज न करता. घसा कोरडा ठणठणीत. मी मुद्दाम खाकरून पाहिलं. आत काही नव्हतंच.

त्या रात्री मी घोरलो नाही. तिसऱ्या दिवशी उशी परत आली, मग पांघरूण. आणि मग एका सकाळी बायको चहाचा कप घेऊन खिडकीपाशी गेली, कडी काढली, आणि काही न बोलता उभी राहिली. मला चहाचा वास आला. कित्येक वर्षांनी आला. मला इतका आनंद झाला की मी ऑफिसला उशिरा गेलो. डॉक्टरांचं पत्र मी पाठवलंच नव्हतं, तरी विम्याची मंजुरीही त्याच दिवशी आली, सौंदर्यवर्धनासाठी शुभेच्छांसह. मी ती फाडली.

मग इमारतीची सभा झाली.

बायको आली नाही. त्या सभांत फक्त खाकरणं असतं असं तिचं मत होतं. मी शेवटच्या रांगेत भिंतीपाशी बसलो. पंखा चालू होता. सेक्रेटरी काहीतरी लांबलचक वाचत होते. कचऱ्याची गाडी आता दारोदार येणार नाही, सगळा कचरा एका जागी जमा करावा लागेल, वगैरे. मला एवढंच आठवतं. पुढचं आठवत नाही, कारण मी झोपलो. दोन्ही नाकपुड्या उघड्या, पोटभर हवा, कानाशी एका सुरात चाललेला आवाज. कित्येक वर्षांची झोप शिल्लक होती. निदान घोरलो असतो तरी लोकांना कळलं असतं! पण माझं घोरणंच बरं झालं होतं. डोळे मिटून, हात पोटावर ठेवून, एखाद्या विचारवंतासारखा मी बसून राहिलो.

टाळ्यांनी जाग आली. सगळे माझ्याकडे वळून टाळ्या वाजवत होते. काकूंनी डोळ्यांना पदर लावला होता. सेक्रेटरी जागेवरून उठून आले आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"मन मोठं आहे तुमचं. मी थांबलो होतो, तुम्ही खाकराल म्हणून. दोनदा विचारलं. तुम्ही हूं की चूं केलं नाहीत."

आता अशा वेळी सभ्य माणसाने काय म्हणावं? मी म्हणालो, "त्यात काय एवढं!"

पुन्हा टाळ्या झाल्या.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, की आज माझा जाहीर सत्कारच झाला म्हण ना, आणि मी नुसतं 'त्यात काय एवढं' म्हणालो.

"कशाबद्दल?"

"ते विचारायचं राहिलं."

सोमवारी कळलं. चार मजूर आले आणि आमच्या खिडकीखाली विटा उतरवू लागले. आठवड्याभरात तिथे पत्र्याची शेड उभी राहिली. अख्ख्या इमारतीचा कचरा आमच्या खिडकीखाली! कोरडा, ओला आणि ज्याचं नाव घेता येत नाही असा तिसरा. गाडी एक दिवसाआड येणार होती. ती वाटेल तेव्हा यायची. आणि माझं नाक? माझं नाक आता उत्कृष्ट काम करत होतं. कोणत्या मजल्याने काल काय खाल्लं आणि काय टाकलं हे मी अंथरुणात पडल्या पडल्या सांगू शकत होतो. एवढे दिवस वाकून, नाकातोंडात पाणी घालून, अपमान सोसून मी ते उघडलं ते यासाठी! पहिल्या दिवशी बायकोने खिडकी उघडली, कप कट्ट्यावर ठेवला, आणि लगेच उचलला. कडी लावली. माझ्याकडे वळून ती म्हणाली, "त्यात काय एवढं." आणि बैठकीच्या खोलीत गेली. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी तडक वर गेलो. माझ्या डोक्यात तिडीक उठली होती. "ही शेड हलवा!" मी सेक्रेटरींना म्हणालो. आयुष्यातलं इमारतीच्या कारभारातलं माझं पहिलं पूर्ण वाक्य.

"अरे वा," ते म्हणाले, "आज बोलायला लागलात. पण ठराव सर्वानुमते झालाय हो."

"मी झोपलो होतो!"

"म्हणजे? आम्ही तुमच्या झोपेला टाळ्या वाजवल्या?" ते दुखावले. "हे बघा, तुम्ही एवढी वर्षं प्रत्येक गोष्टीला हरकत घेतलीत, आम्ही एका शब्दाने बोललो नाही. आणि आता एकदा चांगलं काम केलंत तर त्यावरही हरकत?"

मी ओरडलो. टेबलावर हात आपटला. खाकरलो असतो तर त्यांनी ऐकलं असतं. ओरडलो म्हणून त्यांच्या बायकोने मला पाणी आणून दिलं. शेवटी कमिटीने पाहणी करायची असं ठरलं.

पाहणीला कमिटी आली तेव्हा हवा बदललेली होती. गार वारा, दिवसा ऊन, सगळीकडे धूळ. अख्खी इमारत शिंकत होती. सेक्रेटरींच्या गळ्यात मफलर, काकूंच्या हातात रुमाल, आणि त्यांच्यामागे आमचे खजिनदार, शाळेत भूगोल शिकवणारे, चपला बाहेर नीट जोडून ठेवून आत येणारे. या सगळ्यांना मी झोपायच्या खोलीत नेलं आणि खिडकी उघडली. मी दोन पावलं मागे सरलो.

त्यांनी खिडकीतून माना बाहेर काढल्या. सूं सूं केलं.

"कसला वास?" सेक्रेटरी म्हणाले. म्हणजे ते 'कसदा वाद' असं म्हणाले, पण मी अर्थ सांगतोय.

"मला तर छान गार हवा लागतेय," काकू म्हणाल्या आणि शिंकल्या.

"नाकं चोंदलीयत तुमची!" मी म्हणालो. "वास कसा येणार? अहो, तो बघा, तो दिसतोय तरी ना? ती पिशवी फुटलीय!"

"दिसण्याचा प्रश्न नाही, वासाचा आहे. आणि वास नाही, हे सगळ्यांनी पाहिलं," सेक्रेटरी म्हणाले.

खजिनदार मात्र खिडकीपाशीच थांबले होते. त्यांनी नाक शिंकरलं, पुन्हा एकदा प्रयत्न केला आणि म्हणाले, "मलाही वास येत नाही. माझं नाक तर कायमचंच बंद आहे. पण हे म्हणतात म्हणजे येत असणार. वहिनींची खिडकी आहे ती. आपण दुसरी जागा बघू या का?"

तेवढा एक माणूस माझ्या बाजूने बोलला. त्याचं कोणी ऐकलं नाही. सगळे चहा पिऊन गेले.

मी दोन दिवस धुमसत होतो. भांडायला कोणी नव्हतं, कारण ज्यांच्याशी भांडायचं त्यांना खरोखरच काही कळत नव्हतं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सेक्रेटरी माझ्याच बाजूला राहतात. त्यांचीही खिडकी त्याच शेडवर उघडते. बंद आहे ते फक्त त्यांचं नाक!

त्या संध्याकाळी मी नाक धुवायची नवीकोरी बाटली, मिठाच्या पुड्या आणि उकळून गार केलेलं पाणी घेऊन वर गेलो. राग गिळून, हसतमुखाने. ज्या माणसाने माझ्या उशाशी कांदा ठेवायला लावला, त्याच्या मोरीत उभं राहून मी त्याचं डोकं वाकडं धरलं. "तोंड उघडं ठेवा. श्वास तोंडाने. घाबरू नका." ते घाबरले. ते ओरडले. पाणी त्यांच्या बनियनमधून खाली उतरलं. मी रोज सकाळ-संध्याकाळ गेलो. इतक्या नाकदुऱ्या मी माझ्या साहेबांच्याही काढल्या नव्हत्या. डॉक्टरीणबाईंकडे त्यांना मीच नेलं, फवारा आणवला आणि कानाच्या रोखाने कसा मारायचा हे दहा वेळा दाखवलं. "किती करता हो माझ्यासाठी," ते म्हणायचे, आणि मी दात खाऊन हसायचो.

एका रविवारी सकाळी वरून आरोळी ऐकू आली. ती टेलिफोन खात्यातली आरोळी होती, अख्ख्या इमारतीने ऐकली. पाठोपाठ सेक्रेटरी लुंगीवरच धडाधड जिना उतरून माझ्या दारात.

"अहो, हे काय आहे! हा कसला वास! माणसं राहतात का इथे?"

मला कोण आनंद झाला!

"आजच्या आज हलवतो," ते म्हणाले. "सभा-बिभा नको. तातडीचा निर्णय. पलीकडच्या बाजूला नेऊ, खजिनदारांच्या खिडकीखाली. त्यांना वास येत नाही, सगळ्यांसमोर स्वतःच म्हणाले होते ते." मग ते थांबले. सवयीने माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "तुमची काही हरकत?"

आणि ते वाट बघत उभे राहिले. माझा घसा लख्ख मोकळा होता. कफाचा मागमूस नव्हता. शब्द सगळे तयार होते, की त्यांचं नाक आज ना उद्या उघडेल, की तोच एक माणूस आमच्यासाठी बोलला होता, की हे बरोबर नाही. आतल्या खोलीत बायको कप विसळत होती, त्याचा आवाज येत होता. मी गप्प बसलो.

संध्याकाळपर्यंत शेड हलली. दुसऱ्या दिवशी बायकोने खिडकी धुतली, पुसली आणि उघडली. ती तिथे कप घेऊन उभी असतानाच दारावर टकटक झाली. बाहेर खजिनदार. चपला त्यांनी आजही नीट जोडून ठेवल्या होत्या. आवाज पुरता नाकात गेलेला.

"त्रास देतो जरा. सेक्रेटरी सांगत होते, तुम्ही त्यांचं नाक अगदी बरं केलंत. मुलं म्हणतात घरात कसलासा वास येतो, मला मेलं काही कळतच नाही. तेवढा उपाय मलाही सांगता का?"

माझ्या मागे, मोरीच्या फळीवर, बाटली वाळत ठेवलेली होती. ती त्यांना दिसू नये म्हणून मी दारात थोडा सरकून उभा राहिलो.

"छे हो," मी म्हणालो, "तुमच्या नाकाला काहीही झालेलं नाही."

"असं म्हणता?" ते म्हणाले. "मग ठीक आहे. तुम्ही म्हणता म्हणजे..." आणि माझे आभार मानून ते जिना उतरले.

"कोण होतं हो?" बायकोने आतून विचारलं.

"कोणी नाही," मी म्हणालो आणि तिच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. मला स्वतःची इतकी चीड आली होती की कान गरम झाले होते. समोर ते मोठं झाड हलत होतं, हवा अगदी स्वच्छ येत होती, आणि मी दोन्ही नाकपुड्यांनी ती आत घेतली.